पंखा बंद करून ऐकायचं संगीत

‘लो’ या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम मी चार-पाच वेळा लोकलमध्ये ऐकला होता आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या गाण्याच्या आसपास कंटाळून बदलला होता. मग जूनमधल्या एका रात्री घरची लाइट गेली. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, शेजारचा टीव्हीही गप्प झाला. लॅपटॉपमध्ये दीडेक तासाची बॅटरी शिल्लक होती, म्हणून हेडफोन घालून तोच अल्बम पुन्हा लावला. तोवर दोन ठोक्यांच्या मध्ये मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या रात्री तिथे बरंच काही सापडलं. स्नेअर या चपट्या, चरचरत्या आवाजाच्या ड्रमवरून तारांचा ब्रश फिरताना होणारी सरसर, आणि गिटारची तार छेडल्यावर विरत विरत जाणारा तिचा नाद, पार पुढचा सूर येऊन त्यावर बसेपर्यंत. गाणी तीच होती. त्यांचा निम्मा भाग माझ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

संथ, उदास रॉक ऐकायला घेणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. गाणी आवडत नाहीत असं त्यांना वाटतं, पण ती नीट ऐकूच आलेली नसतात. म्हणून हा लेख मी ऐकण्याच्या पद्धतीवर लिहितो आहे. सगळी मांडणी एका बँडभोवती ठेवतो, कारण एक वाट नीट पायाखाली आली की बाकीच्या आपोआप सापडतात.

आधी थोडी ओळख

१९८० च्या दशकाच्या अखेरीला आणि ९० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही छोट्या बँडांनी रॉकचा वेग मुद्दाम उतरवला. ही वेळ ध्यानात घ्या. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि सगळीकडे कर्कश, दणदणीत गिटारचा जमाना सुरू झाला. त्याच काळात हे लोक हळू आणि मोजकं वाजवत होते. त्यांच्या संगीताला ‘स्लोकोर’ असं नाव पडलं. त्या बँडवाल्यांना ते फारसं रुचलेलं नाही, पण शोधताना उपयोगी पडतं, म्हणून लक्षात असू द्या.

‘लो’ १९९३ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावात सुरू झाला. लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या काठचं हे गाव हाडं गोठवणाऱ्या थंडीसाठी प्रसिद्ध आहे. ॲलन स्पारहॉक गिटार वाजवायचे आणि गायचे. त्यांच्या पत्नी मिमी पार्कर ड्रम वाजवायच्या आणि गायच्या. बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा वेळोवेळी बदलत गेला, पण ही जोडी शेवटपर्यंत टिकली. पार्कर यांचा ड्रमचा संच एवढासाच असे: एक स्नेअर, टॉम नावाचा एक मोठा, खोल आवाजाचा ड्रम, एखादी झांज. पायाने वाजवायचा मोठा ड्रम नाही. त्या उभ्या राहून वाजवत, बहुतेक वेळा ब्रशने. सुरुवातीच्या कार्यक्रमांत लोक गप्पा मारायला लागले की हा बँड आवाज वाढवायच्या ऐवजी आणखी खाली आणायचा. मग हळूहळू बोलणारेच ओशाळून गप्प व्हायचे.

एकच अल्बम निवडा आणि पंधरा दिवस त्यालाच द्या

सुरुवात ‘आय कुड लिव्ह इन होप’ने करा. १९९४ चा हा पहिलाच अल्बम. अकरा गाणी, प्रत्येकाचं नाव एकाच शब्दाचं, एकूण लांबी तासाला थोडी कमी. पंधरा दिवसांत तो चार-पाच वेळा पूर्ण ऐकायचा आणि त्या दिवसांत या प्रकारचं दुसरं काही लावायचं नाही.

‘उदास गाणी’ म्हणून तयार मिळणाऱ्या प्लेलिस्टच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात बारा बँडांची बारा गाणी येतात, दर चार मिनिटांनी खोली बदलते, गायक बदलतो, ध्वनिमुद्रणाचा पोत बदलतो. वेगवान संगीतात हे चालून जातं. संथ संगीतात कानाला वेगाची सवय व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि प्लेलिस्ट ती सवय होऊ देत नाही. अल्बम गाण्यांच्या क्रमासकट ऐकायचा. या अल्बममध्ये ‘ललबाय’ हे सगळ्यांत लांब गाणं, साडेनऊ मिनिटांहून जास्त, मध्यावर ठेवलं आहे. सुरुवातीलाच ते लावलंत तर फार लांबलेलं वाटेल. आधीची पाच गाणी ऐकून तिथे पोचलात तर वेळेचं भान राहणार नाही.

खोली, पंखा, हेडफोन

यात कोणताही खर्च नाही आणि फरक सगळ्यांत जास्त पडतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे घरात शांतता असते असं आपल्याला वाटतं, पण छताचा पंखा सतत एक घुंईऽऽ असा आवाज करत असतो. ब्रशची सरसर जवळपास त्याच जातीची, म्हणून ती पंख्यात बुडून जाते. तासभर पंखा बंद ठेवता येत असेल तर ठेवा. उकाड्यात ते शक्य नसेल तर पहाटे किंवा रात्री उशिरा ऐका आणि पंखा एकवर आणा. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर वातावरण झकास असतं, पण पहिल्या ऐकण्यासाठी ती वेळ नको. तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी राखून ठेवा.

हेडफोन महागडे असायची गरज नाही. कानात नीट बसणारे, वायरचे साधे इयरफोनही पुरतात. महत्त्वाचं असतं ते त्यांचं बसणं. रबरी टोपी सैल असेल तर बेस निसटतो, आणि ‘लो’च्या पहिल्या अल्बममध्ये अर्धी चाल बेसच वाहतो. बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन असतील तर शहरात त्यांचा उपयोग होतो. स्पीकरवर ऐकणार असाल तर दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण होईल असे बसा. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे संगीत ऐकूच नका. त्यातून बेस जवळजवळ गायब होतो.

मग ॲपच्या सेटिंगमध्ये जा. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल बंद करा. एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणारा क्रॉसफेड बंद करा, कारण गाण्यांमधल्या मोकळ्या जागाही अल्बमचाच भाग असतात. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी सुरू करणारा ऑटोप्ले तर आठवणीने बंद करा. शेवटच्या सुरानंतर अर्ध्या सेकंदात परक्या बँडचा दणका कानावर आदळला की तासाभराची मेहनत वाया जाते. बेस वाढवणारे, ‘थ्री-डी’ वगैरे परिणाम देणारे पर्याय काढून टाका आणि फोन विमान मोडवर टाका. त्यासाठी अल्बम आधी उतरवून घ्यावा लागेल.

शेवटची गोष्ट आवाजाची पातळी. सुरुवात हळू आहे म्हणून आवाज चढवायचा मोह होतो. तो टाळा. पहिल्या गाण्यात दोघांचे आवाज समोर बसून गाताहेत इतपत ऐकू आले की थांबा आणि नंतर बटणाला हात लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. हे संगीत तुम्हाला तिच्या जवळपासही न्यायला नको.

पहिलं ऐकणं: काहीही करायचं नाही

आडवे व्हा किंवा टेकून बसा, डोळे मिटा किंवा उघडे ठेवा. फक्त हातात काही नको. गाण्याचे शब्द समोर उघडू नका. आपण भावगीतांवर वाढलेली माणसं. आपल्याला आधी कविता लागते, मग चाल. इथे ती सवय काही दिवस बाजूला ठेवावी लागते. ‘लो’च्या गाण्यांत शब्द आधीच फार कमी, आणि तेही लांबवून, पुन्हा पुन्हा म्हटलेले. इंग्रजी पटकन कळत नसेल तर उलट बरंच आहे. त्या दोन आवाजांतला जिव्हाळा अर्थाच्या आधी पोचतो.

ज्यांच्या कानावर बडा ख्याल पडलेला आहे त्यांना या संगीताची एक किल्ली आधीच मिळालेली आहे. विलंबित एकतालात एका मात्रेपासून दुसरीपर्यंतचं अंतर किती लांब वाटतं आणि त्या अंतरात गवई काय काय करतो, हे त्यांना ठाऊक असतं. तसंच इथे ऐका. फरक मात्र मोठा आहे. ख्यालात लय वाढत जाते, शेवटी द्रुत येणार याचा भरवसा असतो. इथे द्रुत येत नाही. बहुतेक गाणी जिथे सुरू होतात त्याच लयीत संपतात. आता वेग घेईल, आता घेईल, अशी वाट पाहत बसलात तर चिडचिड होईल. वेग येणार नाही हे आधीच मान्य करून बसा.

पहिल्या वेळी मध्येच झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी जिथे झोपलात तिथून न लावता पुन्हा पहिल्या गाण्यापासून लावा.

दुसरं ऐकणं: बोटाने ताल धरा

माझ्या दृष्टीने हाच सगळ्यांत मोलाचा धडा. पहिलं गाणं ‘वर्ड्स’ लावा आणि मांडीवर एका बोटाने ताल धरा. थोड्याच वेळात लक्षात येईल की तुमचं बोट ड्रमच्या आधी पडतंय. पुन्हा जुळवून घ्या. पुन्हा आधी पडेल. माणसाला हळू लयीत घाई होते. मुरलेल्या वादकांनाही ही घाई आवरावी लागते. पार्कर ती आवरतात, तासभर, आणि तरीही त्यांचं वाजवणं यंत्रासारखं होत नाही. संथ वाजवणं सोपं असतं हा गैरसमज त्या एका बोटाने दूर होतो.

बोट जुळलं की दोन ठोक्यांच्या मधल्या जागेकडे वळा. तिथे गिटारचा सूर लांबत असतो. भरपूर रिव्हर्ब आहे, म्हणजे मोठ्या रिकाम्या दालनात वाजवल्यासारखी गुंज. ती गुंज पुढच्या सुरात कशी मिसळते ते ऐका. स्पारहॉक फार कमी स्वर वाजवतात, पण आधीचा स्वर अजून हवेत असतो. त्यामुळे एकच गिटार असून दोन असल्यासारखं वाटतं. वेग वाढवला असता तर ही गुंज एकमेकींवर चढून चिखल झाला असता. संथपणाचं एक कारण असं अगदी व्यवहारातलं आहे: नादाला विरायला वेळ लागतो आणि हे लोक तो देतात.

तिसरं आणि चौथं ऐकणं

तिसऱ्यांदा फक्त बेसच्या मागे जा. ‘ललबाय’पर्यंत पोचलात की तिथे थांबून तेवढं गाणं दोनदा ऐका. पार्कर एकट्या गातात, अंगाईच्या नावाला शोभेल अशा आवाजात, आणि शब्द संपल्यावर गिटार मिनिटामिनिटाने फुगत जाते. नेमकं कोणत्या क्षणी गाणं मोठं झालं ते पकडायचा प्रयत्न करा. मला आजवर पकडता आलेलं नाही.

चौथ्यांदा शब्द समोर घ्या. शेवटचं गाणं ‘सनशाइन’ म्हणजे ‘यू आर माय सनशाइन’ हे अमेरिकेत शाळकरी पोरांनाही पाठ असलेलं जुनं गाणं. सगळे त्याचं ध्रुवपद हसतखेळत म्हणतात. पण ते मुळात सोडून जाणाऱ्या माणसाची विनवणी आहे, हे या लयीत आल्यावर झटकन कळतं. चालही तीच, शब्दही तेच. नुसती लय उतरवली की काय होतं, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

कंटाळा आला तर

येणारच. पण त्याचे दोन प्रकार ओळखा. एक हात फोनकडे जाणारा. तो साधारण पहिल्या दहा मिनिटांत येतो आणि बसून राहिलं की जातो. दुसरा खरा, चौथ्या ऐकण्यानंतरही टिकणारा. तेव्हा हा अल्बम आपला नाही असं समजून पुढे जा. ‘लो’ आवडत नाही म्हणून हा सगळा प्रकारच आपला नाही, असं ठरवू नका. मोटारीत किंवा व्यायाम करताना याची परीक्षा घेऊ नका. भांडी घासताना चालतं, पण पाचव्या खेपेपासून.

मन आधीच खचलेलं असेल तेव्हा

हे मी मनापासून सांगतो. उदास गाण्याने हलकं वाटणं हा बहुतेकांचा अनुभव आहे. कुणीतरी आपल्या शेजारी न बोलता बसलंय, असं वाटतं. पण कधीकधी तेच गाणं मनातला एकच विचार घोळवत ठेवतं. परीक्षा सोपी आहे. अल्बम संपल्यावर उठून पाणी प्यावंसं वाटतं, कुणाला तरी फोन करावासा वाटतो, की तेच गाणं दहाव्यांदा लावून अंधारात पडून राहावंसं वाटतं? दुसरं घडत असेल तर काही दिवस हे संगीत बंद ठेवा आणि जवळच्या माणसाशी बोला. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि चोवीस तास मिळते. गाणी कुठे पळून जात नाहीत.

मग पुढे काय लावावं

पंधरा दिवस झाले की आजूबाजूला फिरा. नावांची यादी पाठ करण्यापेक्षा एखादा धागा धरून जावं. ‘लो’च्या पहिल्या अल्बमचा निर्माता क्रेमर. त्यानेच त्याआधी बॉस्टनकडच्या ‘गॅलॅक्सी ५००’चे तिन्ही अल्बम केले होते. त्यातला १९८९ चा ‘ऑन फायर’ घ्या. तीच गुंज ओळखू येईल, पण इथे डीन वेअरहॅम यांचा बारीक, उंच, किंचित डळमळता आवाज आहे आणि गिटार खुलून वाजते. हा अल्बम ‘लो’पेक्षा उबदार आहे.

तिथून न्यूयॉर्कच्या ‘कोडीन’कडे या. त्यांचा ‘फ्रिजिड स्टार्स’ अमेरिकेत १९९१ मध्ये सब पॉपने काढला, म्हणजे ‘निर्वाणा’चा पहिला अल्बम काढणाऱ्या त्याच कंपनीने. हा बँड संथ आहे, पण हळू आवाजाचा नाही. एक भला मोठा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर, कोसळतो, मग बराच वेळ नुसता बेस आणि सपाट गळ्याने म्हटलेली ओळ. इथे मात्र आवाज थोडा कमी ठेवून सुरुवात करा.

टेक्सासचा ‘बेडहेड’ मला फार प्रिय आहे आणि त्याला हवे तेवढे श्रोते मिळाले नाहीत याची खंत वाटते. दोन कडेन बंधूंचा हा बँड, तीन गिटार, आणि तिन्ही एकमेकींना जागा देत वाजतात. १९९४ चा ‘व्हॉट फन लाइफ वॉज’ हेडफोनवरच ऐका. कोणती गिटार डाव्या कानात, कोणती उजव्या, हे धरून बसलं की विणकाम उलगडतं.

खोलीचा नाद म्हणजे काय ते समजून घ्यायला जरा बाजूला जाऊन टोरांटोच्या ‘काउबॉय जंकीज’चा ‘द ट्रिनिटी सेशन’ ऐका. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरांटोतल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एका मायक्रोफोनभोवती बसून तो जवळजवळ सगळा मुद्रित झाला. स्लोकोरच्या यादीत हा बँड सहसा नसतो, पण हवेतून आलेली गुंज कशी असते ते इथे कळतं. तसाच, वादक एकत्र बसून थेट वाजवलेला, जेसन मोलिना यांचा ‘डिडंट इट रेन’, २००२ चा, ‘साँग्ज: ओहाया’ या नावाने निघालेला. मोलिना २०१३ मध्ये, चाळिशीच्या आतच, दारूपायी गेले. हा अल्बम दिवसा ऐका. ‘डस्टर’चा १९९८ चा ‘स्ट्रॅटोस्फिअर’ तर आजकाल तरुण पोरांना टिकटॉकमुळे आधीच माहीत असतो. तुकडे ऐकले असतील तर आता पूर्ण ऐका, एवढंच.

शेवटी पुन्हा ‘लो’कडे

हे सगळं फिरून झाल्यावर त्यांचा २००१ चा ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ लावा. तो स्टीव्ह अल्बिनी यांनी मुद्रित केला. वादकांसमोर मायक्रोफोन नीट लावायचे आणि खोलीसकट जे आहे ते टिपायचं, ही त्यांची पद्धत. पहिल्या अल्बममधलं धुकं इथे निवळलं आहे आणि दोघांचे आवाज अगदी जवळ आले आहेत.

त्यानंतर मात्र थेट २०१८ च्या ‘डबल निगेटिव्ह’वर उडी घ्या. पंचवीस वर्षं बहुतांशी गिटार आणि ड्रमवर काढलेल्या या जोडप्याने इथे सगळा आवाज डिजिटल यंत्रांतून दळून काढला आहे. सुरुवातीला हेडफोन बिघडले असं वाटेल. ते बिघडलेले नाहीत. खरखर, तुटका आवाज, मध्येच खचणारा बेस, आणि त्याच्या पलीकडून १९९४ च्या अल्बममध्ये ऐकलेले तेच दोन आवाज येतात. ते दोन आवाज तुमच्या ओळखीचे झालेले नसतील तर या अल्बममध्ये धरायला काहीच सापडत नाही. म्हणून तर पंधरा दिवसांचा आग्रह धरला.

मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ रोजी कर्करोगाने गेल्या आणि ‘लो’ तिथेच थांबला. स्पारहॉक यांनी २०२४ मध्ये ‘व्हाइट रोझेस, माय गॉड’ काढला. त्यात त्यांनी स्वतःचा आवाज यंत्राने असा पालटून टाकला आहे की ओळखू येत नाही. पुढच्याच वर्षी डुलुथच्याच ‘ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ या बँडच्या साथीने दुसरा अल्बम आला. तारवाद्यं, लाकडाचा नाद, आणि पुन्हा स्वतःचा उघडा आवाज. हे दोन्ही एकाच आठवड्यात, याच क्रमाने ऐका. दुसऱ्या अल्बममध्ये ‘नॉट ब्रोकन’ हे गाणं आहे. त्यात त्यांच्यासोबत त्यांची मुलगी गाते. ते लावण्याआधी पंखा बंद करायला विसरू नका.